झाकण कोणी काढलं?

११ फेब्रुवारी

ती. मावशी,

वाकून नमस्कार. पत्रातलं वाकणं दिसत नाही हे ठाऊक आहे, पण खरंच वाकले होते. पेन टेबलाखाली गेलं होतं.

फोन केला की तू दोन मिनिटांत ठेवतेस आणि वर सांगतेस, फोनवर बोलणं म्हणजे उभ्या उभ्या जेवणं. म्हणून हे बसून लिहिते आहे.

नोकरीला उद्या पाच महिने होतील. तुझं शिफारसपत्र अजून साहेबांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलेलं आहे. आमचा कपडे धुण्याचा कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. एका टोकाने इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या मळक्या चादरी येतात, दुसऱ्या टोकाने घड्या होऊन बाहेर पडतात, आणि मधे नुसती वाफ. इस्त्रीच्या रोलरवर अकरा बायका तुर्की बोलणाऱ्या आहेत, नवऱ्यांच्या कामापायी इकडे आलेल्या. त्यांचं साहेबांना आणि साहेबांचं त्यांना कळावं म्हणून मी.

मागच्या महिन्यात तीन नंबरच्या रोलरमधे घड्या घालणाऱ्या एकीचा हात भाजला. रोलरच्या तोंडावर पत्र्याचं झाकण असतं, बोटं आत जाऊ नयेत म्हणून. ते जागेवर नव्हतं. चौकशी बसली. अकराजणींमधली सगळ्यात वयस्क, तिला सगळ्या ‘तेय्झे’ म्हणतात (म्हणजे मावशीच की!), तिची साक्ष मी भाषांतर करून सांगितली. मिस्त्रीने झाकण काढलं आणि परत लावायला विसरला, असं ठरलं. एकवीस वर्षं काम केलेला मिस्त्री, पण त्याला काढून टाकलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “या बाई नसत्या तर आपण चाचपडतच राहिलो असतो.” मला फुशारकी मारायची नाही, पण मारते आहे.

एक बारीकशी शंका. तेय्झे क्रियापदांच्या शेवटी सारखं ‘मिश’ लावते. गेल्मिश, आच्मिश, असं. झालेल्या गोष्टीसाठी तू मला ‘दी’ शिकवलंस, हे नाही शिकवलंस. तिच्या गावाकडची लकब असेल असं धरून मी ते सोडून देते. बरोबर ना?

तुझी,
घाईबाई

१९ फेब्रुवारी

चि. घाईबाईस अनेक आशीर्वाद, त्यातला एक पेन नीट धरता यावं म्हणून.

लकब कसली, ते व्याकरण आहे. आणि अवघडही नाही, कारण तुझ्या तोंडात ते रोज असतं. शेजारीण तुझ्या डोळ्यांदेखत जिन्यावरून पडली तर तू म्हणतेस, “पडली.” तू घरी नव्हतीस, कोणीतरी येऊन सांगितलं, तर म्हणतेस, “पडली म्हणे.” हे आपलं ‘म्हणे’ तुर्की माणूस क्रियापदालाच शिवून टाकतो. ‘दी’ लावला की पाहिलं, ठाऊक आहे. ‘मिश’ लावला की ऐकलं, नाहीतर खुणेवरून ताडलं. सकाळी अंगण ओलं दिसलं आणि आपण म्हटलं, “पाऊस पडून गेलेला दिसतोय,” तर तिथेही मिश. आपण ‘म्हणे’ खाल्लं तरी क्रियापद चालतं. त्यांना शेपटी लावल्याशिवाय झालेली गोष्ट सांगताच येत नाही, आणि शेपटी कानावर पडली की बोलणारा तेव्हा कुठे उभा होता ते कळतं.

बंदराच्या कचेरीत माझा दुसरा महिना असेल. एक खलाशी आत आला आणि अमुक बोट ‘बात्मिश’ म्हणाला. बुडाली, अशी बोंब मारत मी थेट मोठ्या साहेबांकडे. बोट धक्क्याला उभी होती. तो बिचारा चहाच्या टपरीवरची गप सांगत होता. वर्षभर सगळे मला विचारायचे, “काय बाई, आज कुठली बुडवली?”

हा धडा मी मुद्दाम मागे ठेवला होता. आधी पाया, मग माळा. आता पाया झाला आहे, रोज पाच वाक्यं दोन्ही शेपट्या लावून लिहीत जा.

साहेबांनी शाबासकी दिली हे वाचून बरं वाटलं. शिफारस करणाऱ्याची लाज राखलीस.

मावशी

२७ फेब्रुवारी

ती. मावशी,

पत्र मिळालं. बोटीची गोष्ट छान.

समजा एखाद्याने ‘मिश’चं भाषांतर ‘दी’सारखं केलं, तर फार बिघडतं का? म्हणजे पुढच्या-मागच्या बोलण्यावरून कळतंच ना माणसाला? सहज विचारते आहे.

आणि प्रश्न कसे विचारायचे तेही एकदा पहिल्यापासून लिहून पाठव. ‘मी’ नक्की कुठे लावायचा? तू शिकवलं होतंस, पण माझी वही सापडत नाही.

इथे सगळं ठीक. पाच वाक्यं लिहिते.

तुझी,
घाई

६ मार्च

चि. घाईबाई, सुखी राहा, आणि वह्या जपून ठेव.

‘समजा’ म्हणून तू लहानपणीही विचारायचीस. समजा एखाद्याच्या हातून बरणी फुटली तर. तेव्हा बरणी आधीच फुटलेली असायची. कोण आहे तो? कारखान्यातलाच का? तुर्की बोलणारा, गोड बोलणारा, आणि त्याने काय पाहिलं आणि काय ऐकलं ते तुला कळत नाही, असंच ना? मला लिहायला लाजू नकोस, मी जगाची पुष्कळ वळणं पाहिली आहेत.

आता प्रश्न. किम म्हणजे कोण. ने म्हणजे काय. नेरेदे म्हणजे कुठे, ने झामान केव्हा, नासिल कसं, नेदेन का. काच म्हणजे किती, तेव्हा तुमच्या शेडमधे कोणी “काच चार्शाफ” म्हणून ओरडलं तर चादरी किती असं विचारते आहे, काही फुटलेलं नाही. हे शब्द वाक्यात असले की आणखी काही लागत नाही. पण ज्याचं उत्तर हो किंवा नाही असतं तिथे ‘मी’ लागतो. आपल्याकडे ‘मी’ म्हटलं की माणूस छाती पुढे काढतो. तिकडे ‘मी’ म्हणजे नुसता एक ‘का’, मागच्या स्वरापुढे मान तुकवून कधी मू होतो, कधी म्यू.

पण तो बसतो कुठे, तिकडे लक्ष दे. “डॉक्टर गेल्दी मी?” म्हणजे डॉक्टर आला का. (गेल्दी म्हणजे आला, गेला नव्हे. माझं पहिलं वर्ष यातच गेलं.) “डॉक्टर मी गेल्दी?” म्हणजे आला तो डॉक्टरच का. पहिल्यात काही झालं की नाही हेच तुला ठाऊक नाही. दुसऱ्यात कोणीतरी आलंय हे तू धरूनच चाललीस, वर नावही तूच पुढे केलंस, समोरच्याने फक्त मान हलवायची. म्हणून जिथे माणसाचं बरंवाईट व्हायचं असतं तिथे नाव आपण पुढे करायचं नाही. किम म्हणायचं आणि तोंड मिटायचं.

बिघडतं का, विचारलंस. बिघडतं.

मावशी

३० मार्च

ती. मावशी,

तीन आठवडे पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. चार पत्रं लिहिली आणि फाडली. हेही फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

कोणी मुलगाबिलगा नाही. तशी भानगड असती तर बरं झालं असतं.

चौकशीच्या दिवशी साहेबांच्या काचेच्या केबिनमधे साहेब, सुपरवायझर, मिस्त्री, तेय्झे आणि मी. साहेब म्हणाले, “झाकण कोणी काढलं, विचारा तिला.” किम मला येत होतं गं. पण सकाळपासून शेडमधे मिस्त्रीचंच नाव चाललं होतं. तो चार दिवसांच्या रजेवरून अपघाताच्याच दिवशी परत आला होता, मशिनी उघडून तपासत होता, त्यानेच तीन नंबर उघडा ठेवला असणार, असं जो तो म्हणत होता. माझ्याही डोक्यात तेच बसलेलं, आणि साहेब घड्याळाकडे बघत होते. मी विचारलं, “उस्ता मी आच्ती?” उस्ता म्हणजे मिस्त्री, आणि आच्ती म्हणजे उघडलं, तुझ्या ‘दी’चाच इथे ‘ती’ होतो. मी काय विचारलं ते तुझं पत्र वाचेपर्यंत मला कळलं नव्हतं. कोणी उघडलं, असं विचारायचं होतं. मी विचारलं, उघडलं ते मिस्त्रीनेच का.

तेय्झे म्हणाली, “उस्ता आच्मिश.”

मी सांगितलं, “मिस्त्रीने काढलं.”

एवढंच असतं तर अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं. पण साहेबांनी विचारलं, “तिने स्वतः पाहिलं?” आणि मी तिला न विचारता म्हटलं, “हो.”

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. मला वाटलं, पुन्हा विचारलं तर साहेबांना वाटेल हिला पहिल्यांदा कळलंच नाही. फक्त तेवढ्यासाठी, मावशी. एका ‘हो’ला किती वेळ लागतो?

मिस्त्री जाताना हत्यारांची पेटी उचलून तेय्झेच्या रोलरसमोर थांबला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “खोटारडी.” तिला वाटलं तो निरोप घेतो आहे. ती हसली, छातीवर हात ठेवून मान लववली. आपल्याकडच्या बायकांनी ते हसणं पाहिलं. तेव्हापासून जेवणाच्या बाकावर तिच्या शेजारी कोणी बसत नाही. ती डबा घेऊन आली की बाकीच्या पदर सावरून सरकतात. बाकीच्या दहाजणींची जेवणाची पाळी वेगळी, त्यामुळे त्या वेळी ती एकटीच असते. परवा तिने मला विचारलं, “नेदेन?” का? मी म्हटलं, “बिल्मियोरुम.” मला माहीत नाही. हा शब्द मात्र मला अगदी स्वच्छ उच्चारता येतो.

काय करू?

तुझी

५ एप्रिल

चि. घाई,

पत्र पोचलं.

झालं ते झालं. चौकशी संपली, कागद बंद झाले. तू आता तोंड उघडलंस तर नोकरी जाईल, आणि पुढे कोणी दारात उभं करणार नाही. भाषांतर करणाऱ्याच्या तोंडावरचा विश्वास एकदा उडाला की उडाला. मिस्त्री हुन्नरी माणूस आहे, त्याला कुठेही काम मिळेल. म्हातारीचं म्हणशील तर बाकावरचे रुसवेफुगवे महिन्या-दोन महिन्यांत विरतात. झाकली मूठ राहू दे.

यापुढे नीट अभ्यास कर. हे पत्र जपून ठेवू नकोस.

मावशी

९ एप्रिल

ती. मावशी,

तुझं पत्र दुपारी मिळालं. वाचून मला हायसं वाटलं. मोठ्या माणसानेच सांगितलं म्हटल्यावर प्रश्न मिटला, असं वाटून मी पोटभर जेवले.

मग हात धुताना मला माझी इतकी लाज वाटली की नळ तसाच वाहत राहिला.

मिस्त्रीला काम मिळालेलं नाही. मशीन उघडं टाकून बाईचा हात जाळणारा म्हणून त्याचं नाव सगळ्या कारखान्यांत झालं आहे. हे मला आमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं. आणि तेय्झे आता डबा आणत नाही. जेवणाच्या सुट्टीत ती रोलर पुसत बसते.

मी साहेबांना सांगणार आहे. तुझं नाव येणार नाही याची काळजी घेईन.

तुझी

१५ एप्रिल

चि. बाळे,

माझं नाव येऊ दे.

मागचं पत्र मी तुझ्यासाठी लिहिलं नव्हतं, माझ्यासाठी लिहिलं होतं. आता जे लिहिते आहे ते लिहायला मला सकाळपासून बसावं लागलं, आणि मधे दोनदा उठून मी उगाच कपाटं आवरली.

मला ऐकू येत नाही. आजचं नाही, चार वर्षं झाली. समोरच्याचे ओठ बघून भागवते. शब्दाचं डोकं ऐकू येतं, शेपटी येत नाही. तू शिकायला माझ्याकडे राहिलीस तेव्हा तू दी म्हणतेस की मिश, की तिथे काहीच नाही, मला कळायचं नाही. मी मान डोलवायचे. एकदा तू पाठमोरी उभी राहून पाठ म्हणत होतीस आणि मी “छान, छान” म्हटलं. तू मागे वळून म्हणालीस, “मावशी, मी कधीची थांबले आहे.” आठवतं? तू हसलीस. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी शिकवणी बंद केली आणि म्हटलं, तुझं झालं. पाया-माळा काही नाही. मिश शिकवायला लागले असते तर तू पकडलं असतंस मला.

आणि शिफारसपत्रात लिहिलं, ‘क्रियापदाची सर्व रूपं हिला अवगत आहेत.’ तीस वर्षांच्या नोकरीच्या जोरावर लिहिलं. बंदराच्या कचेरीतून मी वयामुळे बाहेर पडले असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं. मी बाहेर पडले कारण एका जबानीत माझ्याकडून ‘नाही’ ऐकायचं राहिलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी राजीनामा दिला आणि गप्प बसले. म्हणून फोन नको, उभ्या उभ्या जेवणं वगैरे.

तुझं पहिलंच पत्र मी तीनदा वाचलं होतं. साक्ष, आणि त्याखाली मिश सोडून देते. मला कळलं नसेल का? तो गोड बोलणारा पोरगा मीच काढला, तुला आणि मला दोघींनाही दुसरीकडे बघता यावं म्हणून. आणि ही मी तुला झाकली मूठ शिकवते.

सोबत साहेबांच्या नावाने पत्र ठेवलं आहे. त्यात माझं शिफारसपत्र खोटं होतं असं लिहिलं आहे, आणि खाली सही आहे. तू वाच, मग दे.

तिला पुन्हा विचाराल तेव्हा एकट्या ‘कोणी’वर अडून बसू नका. कोणी म्हटलं की सगळे माणूस शोधायला लागतात. कुठून ऐकलं ते विचार. केव्हापासून ते विचार. आणि ती बोलेल ते शेवटपर्यंत ऐक. तुला कान आहेत.

मावशी

४ मे

ती. मावशी,

आता सगळं सांगते. उलटसुलट झालं तर जुळवून घे.

साहेबांनी तुझं पत्र वाचलं, मग मी तोंडाने सांगितलेलं ऐकलं, आणि पहिलं वाक्य म्हणाले, “बाई, फाइल बंद झाली आहे हो.” मी म्हटलं, उघडा. ते म्हणाले, “आणि तुमचं काय करायचं?” मी म्हटलं, ते नंतर करा.  त्यांनी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीला निरोप गेला.

पुन्हा तीच केबिन, तीच माणसं. मिस्त्री टोपी मांडीवर ठेवून बसला होता आणि तेय्झेकडे बघत नव्हता. ती हात पुसत आली, माझ्याकडे बघून हसली. मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते.

पहिला प्रश्न मी विचारला, मिस्त्रीला झाकण काढताना तुम्ही पाहिलंत का? “गोर्द्युन्युझ म्यू?”

ती म्हणाली, “योक, गोर्मेदिम.” नाही, मी पाहिलं नाही.

मी ते सांगितलं. मिस्त्रीने मान वर केली.

साहेब म्हणाले, “मग नाव का घेतलं? कोणाकडून ऐकलं होतं?”

मी विचारलं, “किम्देन दुय्दुनुझ?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग म्हणाली, “सेन्देन.”

मावशी, सेन्देन म्हणजे तुझ्याकडून.

मला आठवलं. अपघातानंतर शेडमधे गलका चालू होता तेव्हा तिने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, हे सगळे काय म्हणताहेत? आणि मी म्हटलं होतं, “उस्ता आच्ती.” मिश मला येतच नव्हतं. मला एकच शेपटी येत होती, पाहिल्याची. तिला वाटलं, या पोरीने डोळ्यांनी पाहिलंय. तरीही आत आल्यावर तिने स्वतः पाहिलं असं म्हटलं नाही. तिने प्रामाणिकपणे म्हणे लावलं. मी ते कापलं आणि तिचं पाहिलं करून टाकलं.

केबिनमधे सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. साहेब म्हणाले, “काय म्हणाली?” तिथे दुसरं कोणी तुर्की जाणणारं नव्हतं. सुपरवायझरकडून, असं म्हटलं असतं तरी खपलं असतं. खोटं कशाला सांगू, ते शब्द माझ्या जिभेवर आले होते. मग मी म्हटलं, “ती म्हणते, माझ्याकडून.”

“तुमच्याकडून?”

“हो. तिला मी सांगितलं होतं. आणि मी स्वतः काही पाहिलेलं नव्हतं.”

मिस्त्री टोपी उलटी करून आत बघत बसला, जणू त्यात काही पडलंय.

मग मी तू सांगितलेलं विचारलं. झाकण केव्हापासून नव्हतं? तेय्झे लगेच म्हणाली, चार दिवस. पाहिल्याचा दी लावून. झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि ती रोज त्याच्यामागे आपल्या चपला ठेवायची. म्हणजे मिस्त्रीच्या रजेच्या पहिल्याच दिवशी ते निघालं होतं. साहेब सुपरवायझरकडे वळले. त्याचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा पांढरा झाला. झाकणाचे स्क्रू झिजले होते, मिस्त्री नव्हता, माल तुंबला होता, म्हणून त्यानेच ते काढायला लावून मशीन चालू ठेवलं होतं, हे त्याने तिथेच कबूल केलं. मिस्त्री आला त्या दिवशी एक आणि दोन नंबर तपासून तो तीनकडे जायच्या आतच हात भाजला. “मग हे तेव्हा का नाही सांगितलं?” साहेब तेय्झेवर ओरडले. मी विचारलं. ती म्हणाली, मला कोणी विचारलंच नाही.

मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्या मोडक्यातोडक्या तुर्कीत सांगितलं की मी काय केलं होतं, आणि बाकावर तिच्याशेजारी कोणी का बसत नाही. मिस्त्रीचा तो शब्दही सांगितला. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग हातातलं फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि उठून कामावर गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. बोलायलाच हवं असं काही नाही.

मिस्त्रीला परत बोलावलं आहे, पत्र देऊन. सुपरवायझरची बदली माल भरण्याच्या बाजूला झाली. मला साहेबांनी काढलं नाही, पण भाषांतरासाठी दुसरं माणूस बघताहेत आणि तोवर मी चादरी मोजते. काच चार्शाफ, एवढाच माझा व्याकरणाचा वापर. शेडमधल्या बायका मी आले की गप्प होतात. आता माझ्या बाकावर मी एकटी असते.

मी मिस्त्रीच्या घरी गेले होते. ते तुला सांगायचं राहिलं तर उरलेलं सगळं सांगून उपयोग नाही. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. खिडकीत एक उघडलेला पंखा आणि त्याचे सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले. त्याच्या बायकोच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती, दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठीच ती रजा होती. तिने विचारलं, “कोण आहे?” तो म्हणाला, “कारखान्यातली. भाषांतरवाली.” ती “अस्सं” म्हणाली आणि आत गेली.

मी पाठ करून आणलेलं सगळं सांगितलं. चुकले, मुद्दाम नाही केलं, पण ‘हो’ मात्र मुद्दाम म्हटलं. तो पंख्याचं एक पातं पुसत ऐकत होता. माफ केलं असं तो म्हणाला नाही. म्हणाला, “पोरी, पहिल्या दिवशी मला वाटलं, मीच विसरलो असेन. वय झालं. रात्र रात्र आठवत बसायचो, मी तीन नंबरला हात लावला होता का म्हणून. माझ्याच हातावरचा माझा विश्वास गेला होता.”

मला वर बघवेना.

मग पातं खाली ठेवून त्याने विचारलं, “त्या बाईला मी काय बोललो ते तिला कळलं?”

मी म्हटलं, मीच सांगितलं.

तो म्हणाला, “मला तिची माफी मागायची आहे. तिच्या भाषेत. मधे कोणी नको.”

मी म्हटलं, “ओझ्युर दिलेरिम.” त्याने ते पंख्याच्या खोक्यावर पेन्सिलने लिहून घेतलं. मी त्याच्याकडून पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं. त्याला ‘झ्यु’ जमेना, दात मधे यायचे. शेवटी बायको आतून म्हणाली, “अहो, ओठ पुढे काढा की, शीळ घालताना काढता तसे.”

काल तो कामावर आला. जेवणाच्या सुट्टीत टोपी काढून तेय्झेच्या रोलरसमोर जाऊन उभा राहिला. सगळी शेड बघत होती. मी दुसऱ्या टोकाला चादरींच्या गठ्ठ्याआड होते, आणि तिथेच थांबले. वाफेच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ दिसत होते, तुला दिसत असतील तसे. तो बोलला. तिने कान पुढे केला. तो पुन्हा बोलला. तिने मान हलवली, नाही नाही अशी, आणि मला वाटलं, झालं, संपलं. पण तिने स्वतःच्या ओठांकडे बोट केलं आणि सावकाश काहीतरी म्हणून दाखवलं. तो शाळेतल्या मुलासारखा तिच्या मागून म्हणाला. तिने पुन्हा म्हणायला लावलं.

तिसऱ्या वेळी त्याचं बरोबर आलं असावं. तिने रोलरसमोरच्या बाकावरचं फडकं उचललं आणि त्याला बसायला जागा करून दिली.

तुझी,
घाई